सवते झालेले पाय

पोरांना सायकल शिकवताना आपण सारेच मागून ओरडतो, "पायडल मार, पायडल मार!" पण एक पाय खाली दाबत असता दुसऱ्याला वर कोण आणतो, हा प्रश्न मला कैक वर्षे पडलाच नव्हता. दोन्ही क्रँक एकाच आसाला जखडलेले असतात, म्हणून दाबणारा पाय विसावणाऱ्या पायाला उचलून आणतो. एकत्र कुटुंबातल्या भावांचाच हा व्यवहार. मात्र कमावण्याची पाळी येथे दर अर्ध्या फेऱ्याला बदलते.

ही जोडी जुनी आहे. १८६६ साली पिएर लालमाँ या फ्रेंच कारागिराने अमेरिकेत पायडलच्या सायकलीचे पेटंट घेतले, तेव्हा क्रँक पुढच्या चाकालाच होते. १८८५ साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्लीच्या 'रोव्हर' सायकलीत साखळीने जोर मागच्या चाकाकडे गेला. क्रँकची जागा बदलली, जोडी तुटली नाही.

ती तोडली 'पॉवरक्रँक्स'ने. त्यांत प्रत्येक क्रँकला एकाच दिशेने पकडणारा स्वतंत्र क्लच असतो. पाय स्वतः उचलला नाही, तर तो खालीच राहतो. थोडक्यात, दोन्ही पायांच्या चुली वेगळ्या! अशा सरावाने पाय वर ओढण्याची सवय लागेल आणि शर्यतीत बळ वाचेल, अशी आशा होती.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा आठवड्यांच्या सरावानंतर कसलेल्या सायकलपटूंची शक्ती खरोखरच कमी खर्ची पडली. आशा वाढली, पण नंतरच्या काही प्रयोगांत तसा लाभ दिसला नाही. २००७ सालच्या एका अभ्यासात तर असे आढळले की, मुद्दाम पाय वर ओढला म्हणजे पायडलवरचा जोर अधिक नेमका लागतो, पण तेवढ्याच कामासाठी शरीराची शक्ती अधिक खर्च होते.

हे वाचले आणि माझा मूळ हिशेबच चुकल्याचे ध्यानात आले. जोडलेल्या क्रँकवर खाली येणाऱ्या पायाचे वजन वर जाणाऱ्या पायाचे वजन तोलून धरते. विसावणारा पाय आयतोबा नव्हताच. क्षणभराने तोही हेच ऋण फेडणार असतो. वेगळे क्रँक मांडीच्या वरच्या स्नायूंना कष्ट देतील, निराळी मेहनत म्हणून त्यांचा उपयोगही होईल. पण सवते झाल्याने पाय शहाणे होतात, हे काही अजून सिद्ध झालेले नाही.