स्टेअरिंगची थरथर: शिमीपासून बाबांच्या झेनपर्यंत

गाडीने वेग घेतला आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं की कुणीतरी म्हणतंच, "बॅलन्सिंग करून घे." आज या थरथरीचा इतिहास सांगतो. तो कळला की जुनी गाडी तपासताना आपण वेगळ्या जागी हात घालतो.

१९२० च्या दशकात अमेरिकन गाड्यांना एक रोग लागला. नाव पडलं शिमी, त्या काळच्या एका नाचावरून. पुढच्या दोन चाकांमध्ये बैलगाडीसारखा एकच अखंड कणा असायचा. त्यात पुढच्या चाकांना ब्रेक आले आणि टायर आले मऊ, फुगीर, ज्यांना बलून टायर म्हणत. ठरावीक वेगाला चाकं डावी-उजवी फडफडू लागली.

कारण मजेशीर आहे. फिरणारं चाक म्हणजे भोवरा. फिरता भोवरा कलवला की तो नुसता कलत नाही, भलत्याच दिशेला वळतो. एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खा कणा कलतो, म्हणून दोन्ही चाकं वळतात. ती वळली की उलट कणा कलवतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत फीडबॅक लूप. किंगपिनचे बुश झिजलेले असले की या लूपला मोकळं रानच.

मॉरिस ओली हा इंजिनिअर १९३० मध्ये रोल्स-रॉइसकडून कॅडिलॅकमध्ये आला. १९३२ मध्ये त्याच्या गटाने एक मोठी लिमोझिन घेतली, तिच्या पुढे-मागे सरकवता येतील अशी वजनं लावली आणि स्प्रिंगही बदलत्या ठेवल्या. मग रस्त्यावर फिरवायची आणि बसणाऱ्यालाच विचारायचं, कसं वाटतंय? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मला हे आजच्या कुठल्याही डीबगिंगपेक्षा कमी वाटत नाही. निष्कर्ष निघाला की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ हवी. पण अखंड कण्यावर मऊ स्प्रिंग म्हणजे शिमीला आमंत्रण. मग कणाच काढला. १९३४ मध्ये कॅडिलॅक, ब्यूक आणि ओल्ड्समोबिलमध्ये प्रत्येक पुढचं चाक स्वतंत्रपणे, दोन आर्मवर झुलू लागलं.

शेव्हर्लेने मात्र आंद्रे दुबोने या फ्रेंच गृहस्थाची रचना घेतली (मद्याच्या व्यवसायातलं घराणं, स्वतः पहिल्या महायुद्धातला वैमानिक आणि नंतर रेसर). स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही तेलाच्या बंद डब्यात. नवी गाडी झकास चालायची. पण तेल गळायचं, आणि तेल गेलं की चाक आवरणारं काही उरायचं नाही. १९३९ मध्ये शेव्हर्लेही दोन आर्मवर आली.

पुढे अर्ल मॅकफर्सन. शेव्हर्लेच्या छोट्या गाडीचा प्रकल्प बंद पडल्यावर तो फोर्डमध्ये गेला, आणि १९५० मध्ये इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सलमध्ये त्याचा स्ट्रट आला. वरचा आर्म गायब, शॉकअपच चाकाला उभं धरतो. आपल्या मारुती ८०० आणि झेनमध्ये पुढे हेच आहे.

बाबांची झेन २००४ ची. दर पंधरा दिवसांनी ते आईला तपासणीसाठी साताऱ्याहून पुण्याला नेतात, मध्ये खंबाटकी. सत्तरला थरथर, आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. एका गॅरेजने दोनदा अलाइनमेंट केलं, मग "पूर्ण सस्पेन्शन बदला" म्हणून असा आकडा सांगितला की बाबा गाडी भंगारात द्यायला निघाले.

मी गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड ठेवले (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका). घड्याळातले १२ आणि ६ जिथे असतील तिथे चाक धरून हलवलं. डावीकडे टकटक. बाबांना ब्रेक दाबून ठेवायला सांगितला. हालचाल थांबली असती तर बेअरिंगवर संशय. थांबली नाही, म्हणजे बॉल जॉइंटकडे बघायचं. मग ३ आणि ९ वर धरून पाहिलं. इथे प्ले असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक, पण आमचं घट्ट होतं. टायरवर हात फिरवला. खळगे खळगे लागले तर बहुधा शॉकअप गेलेला असतो, आमचा टायर मात्र फक्त आतल्या कडेला खाल्लेला. शेवटी टॉमी घालून लोअर आर्म रेटला, तर बुशचं रबर पार फाटलेलं.

दोन अलाइनमेंट फुकट का गेले, ते इथे कळलं. मशीनवर कोन मोजतात उभ्या गाडीचे. बुश फाटलेला असेल तर ब्रेक मारल्याबरोबर आर्म मागे सरकतो आणि मोजलेला कोन कागदावरच राहतो. त्यामुळे आधी ढिलाई काढा, अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने करणाऱ्या मेकॅनिकला मी तरी गाडी देणार नाही.

दोन्ही बाजूंचे लोअर आर्म बॉल जॉइंट आणि बुशसकट बदलले, शॉकअप तेच ठेवले, मग अलाइनमेंट. आता ऐंशीलाही स्टेअरिंग शांत आहे, ओढ गेली. वळताना उजव्या स्ट्रटच्या वरच्या माउंटमधून एक बारीक 'टक' येतो, तो पुढच्या महिन्यात बघू.