परळची गुदामे आणि गिनीपिगचा बिछाना

मनुष्याने ज्या ज्या पशूला आपल्या छपराखाली आणले, त्या त्या पशूच्या मलमूत्राचा बंदोबस्त करण्याची जबाबदारीही त्याच्यावर येऊन पडली. आणि या जबाबदारीचा इतिहास वरवर पाहता क्षुद्र वाटला, तरी स्वच्छता, दुर्गंध आणि रोग यांविषयीच्या मनुष्याच्या कल्पना कसकशा पालटत गेल्या, याचा तो एक विश्वसनीय दाखला आहे. गाईचा गोठा आणि घोड्याची पागा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ओंजळीत धरता येईल अशा, शेपूट नसलेल्या, भित्र्या आणि सर्वस्वी निरुपद्रवी अशा गिनीपिगच्या निवाऱ्याची कथा सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक ही कथा दक्षिण अमेरिकेच्या पर्वतांतून निघून थेट आपल्या परळपर्यंत येऊन पोहोचते, आणि तिच्यातील सर्वांत मोलाचा अध्याय मुंबईच्या भूमीवरच लिहिला गेला आहे.

आज ज्यास आपण पेरू, बोलिव्हिया आणि इक्वेडोर म्हणतो, त्या अँडीज पर्वताच्या मुलखात हा प्राणी काही हजार वर्षांपूर्वीच माणसाळला. मांसासाठी, देवकार्यासाठी आणि रोग्याच्या उपचारासाठी तिकडील शेतकरी कुटुंबे त्याला पाळीत आली, आणि त्याचे वसतिस्थान म्हणजे बहुधा घरातील स्वयंपाकघर असे. चुलीच्या उबेला, मातीच्या जमिनीवर, भिंतीच्या कडेला रचलेल्या दगडांच्या वा कच्च्या विटांच्या आडोशाला हे प्राणी मोकळे हिंडत. भाज्यांची साले आणि शेताच्या बांधावरचे हिरवे गवत खात. आणि त्यांच्या कोरड्या लेंड्या घरधनीण झाडून काढून शेतास खत म्हणून पाठवीत असे. या व्यवस्थेत पिंजरा नव्हता, सुगंधी द्रव्य नव्हते, आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्या माणसे व हे प्राणी एकाच खोलीत नांदले. त्याचे रहस्य कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नव्हते, ते परिस्थितीतच होते: पर्वतावरील थंड व रुक्ष हवा, मूत्र शोषून घेणारी मातीची जमीन, चुलीची कोरडी ऊब, अंग पसरण्यास ऐसपैस जागा आणि नित्याची झाडलोट. पुढे या प्राण्याच्या निवाऱ्याविषयी जे जे शहाणपण विज्ञानाने सिद्ध केले, त्याचा बराचसा अंश त्या धुराने काळवंडलेल्या स्वयंपाकघरात आधीपासूनच आचरणात होता.

सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांबरोबर हा प्राणी युरोपात गेला. 1554 मध्ये स्विस पंडित कोनराड गेसनर याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि लवकरच तो श्रीमंतांच्या मुलांचे खेळणे झाला. तथापि त्याच्या भाग्यरेषेला खरे वळण लागले ते प्रयोगशाळेत. 1780 नंतरच्या दोन-चार वर्षांत लाव्हाझिये आणि लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवून, त्याच्या शरीराच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो हे मोजले, आणि श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलनच होय असे प्रतिपादन केले. शंभर वर्षांनी, 1882 मध्ये, रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू सिद्ध केला तोही गिनीपिगांना रोग टोचूनच. घटसर्पावरील प्रतिविषाची मात्रा ठरली तीही याच प्राण्याच्या देहावर. अशा रीतीने स्वयंपाकघरातील मोकळ्या जमिनीवरून तो लाकडी खोक्यांत आणि तारेच्या पिंजऱ्यांत आला. एका खोलीत शेकडो पिंजरे रचले गेले. आणि पूर्वी जो प्रश्न जमीन आणि झाडू मिळून सोडवीत होते, तो आता दारे बंद केलेल्या खोलीत तीव्र होऊन उभा राहिला.

त्या काळी दुर्गंधाकडे पाहण्याची दृष्टी आजच्याहून अगदी निराळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील बहुतेक वैद्यांची अशी धारणा होती की, कुजणाऱ्या पदार्थांतून उठणारी दूषित हवा हीच रोगाची जननी होय. इंग्लंडातील सार्वजनिक आरोग्याचा पुरस्कर्ता एडविन चॅडविक याची तर दुर्गंध म्हणजेच रोग अशी जवळजवळ श्रद्धा होती. या श्रद्धेतून गटारे बांधली गेली, वस्त्या मोकळ्या झाल्या, आणि चुकीच्या कारणासाठी का होईना, पुष्कळ चांगली कामे पार पडली. परंतु याच श्रद्धेमुळे दुर्गंध झाकणे म्हणजे रोग टाळणे असाही एक समज दृढ झाला, आणि चुना, कार्बोलिक आम्ल व उग्र वासाची द्रव्ये यांचा सढळ वापर हीच स्वच्छतेची खूण मानली जाऊ लागली. या गदारोळात एका खेडवळ धर्मोपदेशकाने मात्र निराळी वाट दाखविली. डॉर्सेट परगण्यातील हेन्री मूल याने 1860 मध्ये कोरड्या मातीच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. बारीक, वाळलेली माती मैल्यावर पसरली की दुर्गंध थांबतो आणि मैल्याचे खत होते, एवढेच त्याचे सांगणे होते. आणि ही पद्धत हिंदुस्थानातील तुरुंगांतही सरकारी हुकुमाने आणली गेली. गोठ्यातील जमिनीवर कोरडी माती पसरून ती मुताने भिजली की शेतात नेऊन टाकणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला या कल्पनेत नवल वाटण्याजोगे काही नव्हते.

1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि मुंबईवर अरिष्ट कोसळले. म्युनिसिपालिटीच्या अंमलदारांनी जुन्या श्रद्धेनुसारच मोहीम उघडली. गटारांतून कार्बोलिक मिसळलेले पाणी सोडण्यात आले, घरांना चुन्याची सफेती देण्यात आली, कौले काढून छपरे उघडी करण्यात आली, लोकांचे कपडे व बिछाने जाळण्यात आले. पुण्यात याच मोहिमेच्या जुलुमाने लोक किती संतप्त झाले आणि 1897 च्या जूनमध्ये रँडसाहेबाच्या वधापर्यंत प्रकरण कसे गेले, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. 1898 मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्ती फोडून रुंद रस्ते काढले, त्यामागेही समुद्राची शुद्ध हवा आत खेळावी हाच हेतू प्रबळ होता. एवढे करूनही प्लेग हटला नाही. दरसाल हिवाळ्यात तो परत येत राहिला.

त्याच सुमारास वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा 1899 मध्ये परळच्या जुन्या राजभवनात आली. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीस प्रयोग करून प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो असे सांगितले होते, परंतु त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नव्हता. मुंबईत ग्लेन लिस्टन या लष्करी डॉक्टरने हा धागा पुन्हा उचलला. येथील प्राणिसंग्रहालयातील गिनीपिग प्लेगने मेल्याचे त्याच्या नजरेस आले, आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा आढळल्या. मग प्लेगच्या घरांत निरोगी गिनीपिग मोकळे सोडून, त्यांच्या अंगावर जमा होणाऱ्या पिसवा वेचण्याची युक्ती त्याने योजली. 1905 मध्ये भारतमंत्री, रॉयल सोसायटी आणि लिस्टर इन्स्टिट्यूट यांच्या वतीने नवे संशोधन मंडळ मुंबईस आले, आणि पिसवांचा हा तर्क तपासण्यासाठी परळच्या आवारात पुढे प्रसिद्ध झालेल्या गुदामांचे बांधकाम झाले.

ही गुदामे सहा होती. आकाराने लहान, बांधणीने देशी घरांसारखी. भेद एवढाच की दोहोंच्या छपरावर नळीची देशी कौले, दोहोंवर मंगळुरी कौले आणि उरलेल्या दोहोंवर लोखंडी पत्रा. देशी कौलांत उंदीर यथेच्छ घरटी करीत, मंगळुरी कौलांत त्यांना जागा कमी मिळे, पत्र्यात मुळीच मिळत नसे. छपराखाली तारेची जाळी ताणलेली, म्हणजे उंदीर खाली उतरू शकत नसत, परंतु त्यांच्या अंगावरील पिसवा व लेंड्या मात्र खाली पडत. जमिनीवर प्लेग टोचलेले आणि निरोगी असे गिनीपिग एकत्र मोकळे सोडलेले होते. आणि या प्रयोगातील आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, ती गुदामे मुद्दामच कधी झाडली गेली नाहीत. मूत्र, लेंड्या, उष्टे गवत, रोगी प्राण्यांच्या फुटलेल्या गाठींतील पू, हे सारे जमिनीवर साचत गेले. निरोगी प्राणी त्याच घाणीवर झोपले, त्याच घाणीने माखलेले अन्न त्यांनी खाल्ले, प्लेगग्रस्त मातांचे दूध पिल्ले प्याली. तथापि जेथे पिसवा नव्हत्या, तेथे प्लेग पसरला नाही. जेथे पिसवा होत्या, तेथे त्यांच्या संख्येच्या मानाने रोगाचा वेग वाढत गेला. पिंजरा जमिनीपासून 2 फूट उंच टांगला की आतला प्राणी वाचे. 2 इंचांवर ठेवला की पिसू उडी मारून त्याला गाठी.

1906 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या मंडळाच्या अहवालांनी शतकांची समजूत मोडीत काढली. प्लेगचे कारण दुर्गंधात नव्हते, पिसवेत होते. ज्या घाणेरड्या वासाच्या भीतीने रयतेची घरे उघडी केली गेली, कपडे जाळले गेले, त्या वासाने प्लेग दिला नव्हता; आणि हे सिद्ध करण्यासाठी शेकडो मुके प्राणी त्या न झाडलेल्या जमिनीवर जगले आणि मेले. मुंबईच्या इतिहासात या प्राण्यांची नोंद एखाद्या तळटीपेपेक्षा अधिक व्हावयास हवी, असे प्रस्तुत लेखकास मनापासून वाटते.

परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. घाण प्लेग देत नाही म्हणून घाण निरुपद्रवी आहे, असा निष्कर्ष काढणे म्हणजे एका चुकीच्या जागी दुसरी चूक बसविणे होय. गिनीपिगचे ताजे मूत्र नाकाला फारसे झोंबत नाही. त्यातील युरियावर विष्ठेतील जंतूंची प्रक्रिया होते, युरियाचे अमोनियात रूपांतर होते, आणि ओल व उष्णता यांच्या साहाय्याने हे कार्य झपाट्याने चालते. त्यातच या तृणभक्षी प्राण्याचे मूत्र अल्कधर्मी असल्याने अमोनिया ओलाव्यात विरघळून न राहता हवेत निसटतो. त्याच मूत्रातील चुनखडी क्षार पिंजऱ्याच्या तळाला पांढरट, खरखरीत थर देऊन चिकटतात. हा थर पाण्याने कितीही घासला तरी निघत नाही, आणि त्याच्या छिद्रांत वास दडून बसतो. त्यावर थोडे व्हिनेगर ओतून घटकाभर ठेवले, की बारीक बुडबुडे येऊन तो सुटतो आणि उरलासुरला अमोनियाही आम्लात बांधला जातो. शास्त्राचा एवढा एक धडा ज्याने डोळ्यांनी पाहिला, त्याला पुन्हा अत्तरे शिंपडण्याचा मोह होणार नाही.

प्रयोगशाळांना हा धडा पुरता उमगण्यास आणखी अर्धे शतक लागले. 1926 मध्ये लंडनमध्ये प्राण्यांच्या कल्याणासाठी विद्यापीठाच्या आश्रयाने एक संस्था निघाली, आणि तिने 1947 मध्ये प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या संगोपनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. या प्राण्यांची निगा हा सेवकाच्या मर्जीवर सोडण्याचा विषय राहिला नाही. ते विज्ञानाचे एक अंग ठरले. बिछान्यासाठी लाकडाचा भुसा, रंध्याच्या ढलप्या, पेंढा, वाळलेले गवत असे नाना पदार्थ वापरले जात. देवदाराच्या जातीच्या लाकडाच्या ढलप्यांना मंद सुवास असे, म्हणून त्या लोकप्रिय होत्या. 1967 मध्ये अमेरिकेतील एलियट व्हेसेल याने दाखवून दिले की, अशा सुवासिक लाकडाच्या बिछान्यावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातील औषधे पचविणारी विकरे वाढतात. म्हणजे तो सुवास त्यांच्या देहात शिरून आपले काम करीत होता. 1976 मध्ये आणखी एका अमेरिकन अभ्यासाने सिद्ध केले की, मळलेल्या बिछान्यातून उठणाऱ्या अमोनियाने उंदरांचा श्वसनरोग बळावतो. दुर्गंध झाकणारे द्रव्य निर्दोष नव्हते, आणि झाकलेला दुर्गंधही निर्दोष नव्हता.

आता हा प्राणी प्रयोगशाळेतून पुन्हा घरांत आला आहे. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत मुले त्याला हौसेने पाळतात, आणि चार दिवसांत घरात वास सुटला की वडील माणसे त्याला गच्चीत वा सज्जात काढतात. वास्तविक उपाय जुनाच आहे. पिंजरा ऐसपैस असावा. काचेच्या बंद पेटीत या प्राण्याला ठेवू नये. तळाशी वर्तमानपत्राचे जाड थर आणि त्यावर शोषून घेणारा, धूळ नसलेला बिछाना असावा. जो कोपरा हा प्राणी मूत्रासाठी निवडतो, तेथील ओले भरण रोज काढावे आणि सगळा बिछाना निदान आठवड्यास बदलावा. पावसाळ्यात कोकणपट्टीच्या दमट हवेत एवढ्याने भागत नाही. गवत डब्यात कोरडे राखावे लागते आणि बिछाना अधिक वेळा पालटावा लागतो, कारण ओलीबरोबर बुरशीही येते. या प्राण्याचे नाक जमिनीपासून बोटभर उंचीवर असते. आपल्याला दारातून जो वास जाणवतो, तो त्याच्या श्वासात आधीच कितीतरी पटींनी अधिक असतो. म्हणून पिंजऱ्याचा वास ही पाहुण्यांसमोर लाज वाटण्याची गोष्ट नव्हे, आत राहणाऱ्या जिवाच्या फुप्फुसांची ती तक्रार आहे, असे समजून चालावे.

शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी मनुष्याने या प्राण्याला घाणीत ठेवून रोगाचे सत्य शोधले. त्या सत्याने दुर्गंधाची भीती गेली, पण दुर्गंधाचे मूळ दूर करण्याचे कर्तव्य गेले नाही. उलट ते अधिक स्पष्ट झाले, कारण आता ते कर्तव्य आपल्या जिवाच्या धास्तीने करावयाचे नसून केवळ त्या मुक्या प्राण्याच्या सुखासाठी करावयाचे आहे. ज्याने आपल्याला एवढे शिकविले, त्याला रोज कोरडा बिछाना देणे हे त्याच्या ऋणाच्या मानाने फारच थोडे आहे, आणि तेवढे तरी आपण निष्ठेने करावे.