गर्भवतीची झोप आणि रक्तातील साखर

तंजावूर राजवाड्याच्या परिसरात भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांनी धन्वंतरी महाल ही वैद्यकीय संस्था चालविली. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्य वैद्यकाचे जाणकार काम करीत. त्यांनी पारखलेले औषधयोग तमिळ पद्यात बांधण्यात आले. पुढे सरस्वती महाल ग्रंथालयाने ते ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या मालेत रोगवार प्रसिद्ध केले. त्यात मधुमेहाचा भाग वेगळा आहे आणि गर्भिणी व बालरोगांचा वेगळा. आजचे वैद्यक मात्र या दोन विषयांचा एकत्र विचार करते आणि त्यात आता झोपेचीही भर पडली आहे.

गर्भारपणात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. शरीराला ही उणीव भरून काढता आली नाही, तर रक्तातील साखर वाढते. यालाच गर्भकालीन मधुमेह म्हणतात. अपुऱ्या झोपेने कॉर्टिसॉल वाढून इन्सुलिनला होणारा विरोध आणखी बळावतो. सव्वासहा तासांहून कमी झोप घेणाऱ्या गर्भवतींमध्ये हा विकार अधिक आढळल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसून आले. हा संबंध आढळला असला, तरी अपुरी झोप हेच विकाराचे कारण असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही.

वारंवार लघवीला उठणे, छातीत जळजळ, पायात गोळे येणे यांमुळे झोपमोड होतेच. ‘या दिवसांत असेच चालायचे’ असे सांगून घरातील वडीलधारी मंडळी तो विषय संपवितात. घोरण्याकडे तर थट्टेनेच पाहिले जाते. वास्तविक मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडखळणे आणि दिवसा अनावर पेंग येणे ही निद्राश्वसनरोधाची लक्षणे असू शकतात. त्यात रात्री प्राणवायूची पातळी वारंवार घसरते. गर्भकालीन मधुमेहाशी या विकाराचा संबंध अमेरिकेतील मोठ्या पाहणीतही आढळला आहे.

तमिळनाडू सरकारने २००७ मध्ये सर्व गर्भवतींची साखर तपासण्याचा आदेश काढला. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ही तपासणी होते. उपाशीपोटी येण्याची अट नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिल्यानंतर दोन तासांनी साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक आल्यास निदान निश्चित होते. दूरच्या खेड्यांतून येणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. याच भेटीत झोपेची व घोरण्याची तक्रारही डॉक्टरांना सांगावी. आपल्या मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत. जुन्या पोथ्यांतील औषधयोगही गर्भारपणात घरी करून पाहू नयेत.

प्रसूतीनंतर साखर बहुधा पूर्ववत होते. तरीही पुढे मधुमेह जडण्याची शक्यता अधिक असल्याने सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते. तान्ह्या बाळामुळे त्या काळात आईची झोप पुरती मोडलेली असते आणि नेमकी हीच तपासणी पुष्कळदा राहून जाते.