बाटलीवरचा आकडा कोण तपासतं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सरांनी मला विचारलं होतं, "ही स्टँडर्डची बाटली कधी उघडली?" बाटलीवर तारीख नव्हती. प्रमाणपत्र फाईलला होतं, मुदत संपायलाही वेळ होता. त्यामुळे सर नक्की काय विचारतायत तेच कळेना. "मुदत बंद बाटलीची असते," असं म्हणून त्यांनी तीन आठवड्यांची रीडिंग्ज पुन्हा घ्यायला लावली. तेव्हा रागच आला होता. पुढे एका पांढऱ्या पावडरीचा इतिहास वाचनात आला आणि राग गेला. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर तो इतिहास तुम्हालाही माहीत हवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. निसर्गात कार्बन-१२ सोबत थोडा जड कार्बन-१३ असतो. या दोघांचं गुणोत्तर पाहून हवेतला वायू कुठून आला, प्राण्यानं काय खाल्लं, असं बरंच काही सांगता येतं. पण हे फरक इतके बारीक असतात की ते थेट मोजत नाहीत. एका ठरलेल्या पदार्थाशी तुलना करून हजारात किती फरक आहे ते सांगतात. हा ठरलेला पदार्थ म्हणजे संदर्भ-पदार्थ, आपल्या लॅबच्या भाषेत रेफरन्स मटेरियल.

पहिला संदर्भ होता एक जीवाश्म. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनामधल्या पीडी खडकांत सापडलेला बेलेम्नाइट, म्हणून नाव पीडीबी. १९५० च्या आसपास शिकागोत हॅरॉल्ड यूरी यांच्या गटानं तो वापरायला घेतला. त्याचं मूल्य शून्य धरलं. काही वर्षांत पावडर संपली! मग १९८० च्या दशकात एनबीएस १९ नावाच्या चुनखडीला +१.९५ हे मूल्य कायमचं बहाल करून नवी मोजपट्टी ठरवली. तिचं नाव व्हिएन्ना पीडीबी.

पण पट्टीचं एकच टोक पक्कं असेल तर काय होतं? प्रत्येक यंत्र पट्टी थोडी कमी-जास्त ताणतं. शून्याजवळ सगळ्या लॅबची उत्तरं जुळतात, लांब गेलं की फाकतात. म्हणून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत दुसरं टोकही पक्कं केलं गेलं. त्यासाठी एल-स्वेक नावाचं लिथियम कार्बोनेट निवडलं आणि त्याला −४६.६ हे मूल्य दिलं. हवेतल्या मिथेनचं मूल्य साधारण −४७ असतं, त्यामुळे हवामानवाल्यांची तर सोयच झाली. लॅब-लॅबमधली उत्तरं खरोखर जास्त जुळायला लागली.

आता गंमत बघा. ही पावडर आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीतले रसायनशास्त्रज्ञ हॅरी स्वेक यांनी बनवली होती ती लिथियमचे समस्थानिक मोजण्यासाठी. त्या कामाला ती उत्तम आहे, कारण बाटलीतलं लिथियम कुठे जात नाही. कार्बनचं तसं नाही. लिथियम कार्बोनेट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी देवाणघेवाण करतं. हवेतल्या त्या वायूचं मूल्य −८ च्या आसपास. म्हणजे बाटली जितकी उघडी राहील तितका आतला कार्बन −४६.६ वरून वर सरकणार. झालंही तेच. वेगवेगळ्या बाटल्यांमधली मूल्यं वेगवेगळी निघाली.

हे लगेच का नाही कळलं? इथे नीट लक्ष द्या. ज्या पदार्थाला आपण व्याख्येनंच −४६.६ म्हणतो, तो आपल्या पट्टीवर कधीच सरकलेला दिसत नाही. समजा, तुमच्या बाटलीचं खरं मूल्य −४६.४ झालंय. तुम्ही तिला −४६.६ च म्हणणार आणि तेवढी चूक मिथेनच्या नमुन्याच्या माथी मारणार. चूक ०.२ ची. मिथेनसाठी लॅब-लॅबमधला मेळ ०.०२ च्या आत असावा असं जागतिक हवामान संघटनेचं उद्दिष्ट आहे. म्हणजे दहापट चूक, तीही आकडे अगदी छान जुळत असताना! एल-स्वेकची चूक उघडी पडली ती दुसऱ्या, स्वतंत्र पदार्थांशी ताडून पाहिल्यावर. शेवटी कार्बनसाठी ती वापरू नका असं सांगावं लागलं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं बनवलेले नवे संदर्भ कॅल्साइटचे आहेत आणि हवाबंद काचेच्या कुप्यांत येतात. कुपी फोडली की घड्याळ सुरू.

म्हणून संदर्भ-पदार्थ बनवणारे दोन प्रश्नांवर वर्षं घालवतात. पहिला एकजिनसीपणाचा: कुठल्याही बाटलीतून, कुठूनही चिमूट घेतली तरी उत्तर तेच येतं का? त्यासाठी बऱ्याच बाटल्या निवडून प्रत्येकीतून दोन-तीन नमुने मोजतात आणि बाटल्या-बाटल्यांमधला फरक एकाच बाटलीतल्या फरकापेक्षा मोठा आहे का ते पाहतात. प्रमाणपत्रावर 'किमान नमुना' लिहिलेला असतो तो यासाठीच. त्याहून कमी घेतलंत तर कणाकणांतला फरक तुमच्या निकालात शिरतो.

दुसरा प्रश्न टिकण्याचा. यात एक छान युक्ती आहे. दर तीन महिन्यांनी मोजत बसलं तर बदलला तो पदार्थ की यंत्र, हे कळत नाही. म्हणून बाटल्या वेगवेगळा काळ गरम ठिकाणी ठेवून, आपापली वेळ भरली की थंड ठिकाणी हलवतात आणि शेवटी सगळ्या एकदमच, त्याच यंत्रावर मोजतात. यंत्राचा दोष सगळ्यांना सारखाच लागतो, उरतो तो पदार्थाचा बदल.

आपल्याकडेही दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा 'भारतीय निर्देशक द्रव्य' या नावानं असे पदार्थ प्रमाणित करते. उद्या तुमच्या हातात अशी बाटली येईल तेव्हा प्रमाणपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मूल्य कुठल्या गुणधर्माचं आहे, किमान नमुना किती, साठवण कशी, उघडल्यावर किती दिवस, हे सगळं तिथे शोधा. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. आणि दुसऱ्या स्रोताचा एक पदार्थ सोबत मोजत चला, रोज नाही जमलं तरी नियमानं.

माझ्या टेबलावरच्या प्रत्येक बाटलीवर आता तारीख असते. सरांनी पुन्हा कधी विचारलं नाही, पण जाता-येता बघतात एवढं नक्की.