रिमोट लॅब म्हणजे काय?
शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्याला घरबसल्या पवईतला हीटर चालवता येईल का? आयआयटी मुंबईने अशी सोय करून दाखवली: प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली बनलेली ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम’. एका छोट्या बोर्डवर हीटर, पंखा, तापमानाचा सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर. विद्यार्थ्याने वेळ बुक करायची आणि सायलॅब या मोफत सॉफ्टवेअरमधून हीटर किंवा पंखा कमी-जास्त करायचा. तापमानाचे खरे आकडे लगेच स्क्रीनवर दिसतात. सिम्युलेशनमध्ये उत्तर सूत्रातून येतं, इथे प्रत्यक्ष यंत्रातून. एकच बोर्ड आळीपाळीने अनेक कॉलेजांना वापरता येतो, म्हणून खर्च कमी. पण गावात वीज गेली किंवा रेंज तुटली, की बुक केलेलं प्रॅक्टिकल बुडालंच!