‘हायपर’ की ‘हायपो’? वैद्यकीय शब्द असे फोडा

धाराशिवमध्ये २०२२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉक्टरकी असो वा नर्सिंग, नव्या विद्यार्थ्याला आधी अडवतात ते लांबलचक शब्द. ते घोकू नका, फोडा. बहुतेक शब्द ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे असतात. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणे. म्हणून अपेंडिसायटिस हा आजार, अपेंडिसेक्टमी ही शस्त्रक्रिया.

‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘हायपो’ म्हणजे कमी. हायपोग्लायसेमियात रक्तातली साखर घटते, रुग्णाला साखर द्यावी लागते. ‘हायपर’ समजून इन्सुलिन दिले, तर जिवावर बेतू शकते.

वहीत प्रत्येक शब्दाशेजारी रुग्णाचा शब्दही लिहा: डिस्पनिया म्हणजे धाप, जॉन्डिस म्हणजे कावीळ. वॉर्डात रुग्ण ‘धाप लागते’ असेच सांगणार.