घाटातला बाक

नाणेघाटातल्या लेण्यात शिरलेला माणूस आधी भिंतींकडे बघतो. राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख तिथेच आहे, साधारण इ.स.पू. पहिल्या शतकातला. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि दान दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापणांची मोजदाद आहे. मी इंजिनियर, ब्राह्मी वाचता येत नाही. माझी नजर गेली ती भिंतींलगत तिन्ही बाजूंना कोरलेल्या बाकाकडे.

कोकणातल्या बंदरांवरचा माल हा घाट चढून जुन्नरला यायचा. चढण उभी, वाट दगडांची आणि पाठीवर ओझं. अशा वाटेवर कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत आणि माथ्याजवळ बसायची सोय आहे. दमलेलं शरीर कुठे थांबेल, याचा कोणीतरी विचार केला होता. शेजारी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही आहे. तेव्हा ही नुसती भूतदया नसावी. माल वर पोचला, तरच जकात मिळणार!

काम माणसाच्या मापाचं करायचं, या विचाराला 'एर्गोनॉमिक्स' हे नाव पोलंडच्या यास्त्रझेंबोव्स्कींनी 1857 मध्ये दिलं. आम्हा संगणकवाल्यांसाठी त्याचा अर्थ खुर्ची आणि कीबोर्ड इतकाच उरलाय.

जुन्नर तालुक्यातच, नारायणगावच्या बाजारात, टोमॅटोचा भाव 20 किलोच्या क्रेटवर ठरतो. शेतकरी त्याला 'कॅरेट' म्हणतात. त्याला हात घालायला खाचा असतात. फळ चेंगरू नये ही मूळ गरज, पण एका वेळचं ओझं ठरल्यामुळे पाठीचाही फायदा झाला. मात्र शंभर कॅरेट उचलली की दोन टन होतात. कारखान्यांसाठीच्या 1948 च्या कायद्याचं 34 वं कलमही इजा होईल इतकं ओझं उचलायला लावू नका, असं सांगायचं. दिवसभराची बेरीज त्यात नव्हती. महाराष्ट्राचा 1969 चा माथाडी कायदा हमालाच्या रोजगाराचं नियमन करतो, त्याच्या कल्याणाची तरतूद करतो. पाठ मोजायचं काम तरीही उरतंच.

नाणेघाटातल्या राजपुरुषांच्या मूर्ती गेल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. ओझं वाहणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. त्याच्याबद्दल सांगतात ते बाक आणि टाकी. उद्या आपल्याबद्दलही कोणी असंच शोधेल: कॅरेट किती किलोचं होतं, आणि ते उचलणाऱ्याला टेकायला जागा होती का?